फरशीचं गाव

वर्ध्यात घराचं काम काढलं की सयपाकघरापाशी येऊन मिस्त्री दोन प्रश्न हमखास विचारतो. खाली कोणती टाइल टाकायची? आणि डॅडो किती घ्यायचा, दोन फूट की थेट स्लॅबपर्यंत? डॅडो म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरचा टाइल्सचा पट्टा. हा शब्द मिस्त्री इतक्या सहज उच्चारतो की तो इथल्या सेलू-देवळीकडचाच वाटावा. प्रत्यक्षात तो इटलीतून आला आहे. तिकडे डॅडो म्हणजे फासा. खांबाच्या किंवा पुतळ्याच्या बैठकीचा फाशासारखा चौकोनी भाग, त्यालाही तेच नाव पडलं, आणि तिथून ते भिंतीच्या खालच्या पट्ट्याला चिकटलं.

टाइल या शब्दाची गंमत निराळी. त्याचं मूळ लॅटिनमधलं ‘तेगुला’, म्हणजे झाकणारी. रोमन घरांच्या छपरावरचं ते कौल. डोक्यावरचा शब्द पायाखाली आला. फरशीचं वेगळंच झालं. ती मुळात दगड नव्हतीच. अरबी ‘फर्श’ म्हणजे अंथरलेलं: जाजम, गालिचा. ते अंथरणारा फर्राश, आणि त्याचं सामान ठेवायची जागा ती फरासखाना. पुण्यात हे नाव अजून एका पोलीस ठाण्याला आहे. कापड गुंडाळून ठेवलं गेलं आणि त्याचं नाव दगडाने घेतलं.

हे तीनही शब्द आपल्या सयपाकघरात उशिरा शिरले. त्याआधी तिथे एकच शब्द होता, सारवण. वर्ध्याकडची काळी कापसाची माती उन्हात भेगाळते. म्हणून जमिनीसाठी मुरूम पसरून, पाणी मारून, चोपण्याने ठोकून घट्ट करायचा आणि त्यावर शेण-मातीचा हात फिरवायचा. चूल रोज पोतारायची. भिंतीला पांढरी माती. चुलीच्या वर भिंत काळी व्हायचीच, पण ती कोणी धुवायला जात नसे. काळं झालं की त्यावर मातीचा नवा थर चढायचा. मळ काढून टाकायचा नाही, झाकायचा, अशी ती रीत होती. तेल सांडलं तर माती पिऊन टाकायची आणि पुढच्या सारवणात ती जागा पुन्हा कोरी व्हायची.

या जमिनीला जगभर प्रतिष्ठा मिळाली ती वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवर. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावला आले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला, म्हणून 1940 मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. जानेवारी 1937 च्या ‘हरिजन’ साप्ताहिकात गांधीजींनी आदर्श खेड्यातल्या घराबद्दल लिहिलं आणि एक अट घातली: बांधकामाचं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं. सेवाग्राममधली त्यांची बापू कुटी आजही त्या अटीवर उभी आहे. माती, बांबू, लाकूड, गावठी कौलं, खाली सारवलेली जमीन. भिंतींवर त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी मातीतच उठाव देऊन ताडाची झाडं, ॐ, चरखा काढले आहेत. मी तिथे गेलो की नेहमी त्या भिंतींपाशी जास्त वेळ थांबतो. भिंत सजवायला बाहेरून काही आणावं लागत नाही, हे त्या चित्रांइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कशाने सांगितलेलं नाही.

पण त्या पाच मैलांच्या हिशेबात एक गोष्ट मला नेहमी कमी वाटते, ती म्हणजे सारवणाऱ्या बाईचे गुडघे. उकिडवं बसून, मनगटापर्यंत शेणात हात घालून, दर आठवड्याला, सणावाराला आणि पाहुणे येणार म्हणूनही. दगडी फरशी घरात आली तेव्हा घरातल्या बायकांना ती हवी होती, मनापासून हवी होती. त्यांच्या त्या इच्छेला मी श्रीमंतीची हौस म्हणणार नाही.

मग दगड तरी पाच मैलांतला का नाही? वर्ध्याच्या पायाखाली दगडाला तोटा नाही. पण तो लाव्हारसाचा काळा पाषाण. त्याच्या पाट्या, जाती, पायऱ्या होतात, पातळ लाद्या निघत नाहीत, कारण त्याच्यात थर नसतात. लादी निघायला दगड गाळ साचून, थरावर थर बसून तयार झालेला हवा. असा चुनखडक भीमेच्या खोऱ्यात, गुलबर्ग्याकडे शहाबादला होता. पहारीने उकलला की वहीच्या पानांसारखा सुटणारा. पण तो बैलगाडीने इतक्या लांब आणणं परवडणारं नव्हतं. 1862 मध्ये वर्धा जिल्हा झाला, 1866 मध्ये शहर वसवलं गेलं आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. 1871 मध्ये मुंबई-रायचूर मार्ग पूर्ण झाला आणि शहाबादही रुळांवर आलं. कापूस न्यायला टाकलेल्या रुळांवरून उलट दिशेने दगड आला.

आणि येताना प्रत्येक दगड आपल्या गावाचं नाव घेऊन आला. शहाबादी. आंध्रातला काळा चुनखडक तो कडप्पा. राजस्थानातला हिरवट-निळा तो कोटा. छपरावरचं मंगलोरी कौलही त्याच रांगेतलं. ज्या बाईने नागपूरपलीकडचा मुलूख पाहिला नाही, तीसुद्धा “शहाबादी पुसून घे, कडप्प्यावर निंबू नको चिरू” असं रोज म्हणत होती. निंबाचं तिचं म्हणणं अगदी खरं. हे तिन्ही दगड चुन्याचे, आणि आंबटाने चुना खाल्ला जातो. चिंचेचं पाणी रात्रभर राहिलं की सकाळी कडप्प्यावर निस्तेज डाग दिसतो, आणि तो घासून जात नाही, कारण तिथला दगडच विरघळलेला असतो.

टाइलचं घराणं वेगळं. 1840 मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसरने किंचित ओलसर मातीची भुकटी साच्यात दाबून वस्तू घडवायचं पेटंट घेतलं. हेतू बटणांचा होता. हर्बर्ट मिंटनने ती रीत टाइलसाठी उचलली आणि मिंटनच्या टाइल्स मुंबईच्या मोठ्या इमारतींत पोचल्या. त्यांना स्वदेशी जोड हवी म्हणून 1922 मध्ये सिधवा घराण्याने भारत टाइल्सचा उद्योग काढला. त्यांच्या टाइल्स सिमेंटच्या, भट्टीत न भाजता दाबून केलेल्या. सौराष्ट्रात परशुराम गणपुले या मराठी माणसाने परशुराम पॉटरी उभी केली. तिथल्या मोरबीच्या चिनीमातीच्या उद्योगाची चर्चा होते तेव्हा हे नाव आपल्याकडे कुणाच्या तोंडी येत नाही, याची मला खंत वाटते. आज वर्ध्याच्या दुकानात जी टाइल दिसते ती बहुतेक मोरबीची, आणि ती घडते प्रॉसरच्याच रीतीने, भुकटी दाबून. बदलला आहे तो दाब आणि भट्टी.

आता ओट्यामागच्या भिंतीवरचा पट्टा. त्याची गरज चुलीच्या काळात नव्हती. चूल जमिनीवर होती तोवर फोडणी उडायची ती जमिनीवर आणि करणारीच्या हातांवर. 1955 मध्ये मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो आमच्याकडे झिरपला. त्याच्याबरोबर उभ्याचा ओटा आला. फोडणी कमरेच्या वर चढली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसू लागली. भिंतीला चुना किंवा डिस्टेंपर, म्हणजे न धुता येणारी. पांढऱ्या चकचकीत सहा इंची टाइल्सचा पट्टा तिथे आला तो शोभेसाठी नव्हे, या नव्या उंचीमुळे.

विदर्भात त्याला आणखी एक कारण होतं, जवस. आमच्या जुन्या सयपाकात जवसाचं तेल सर्रास असे. हे तेल हवेत सुकून घट्ट होतं. रंगारी त्याचा रंगात उपयोग करतात तो याच गुणासाठी. म्हणजे भिंतीवर उडालेला जवसाचा थेंब पुसला नाही तर त्याचा वार्निश होतो. आजीच्या पिढीला भिंतीचा तो पिवळा, बोटाला चिकटणारा थर चांगला ठाऊक आहे. चमकदार थराच्या टाइलवरून ताजा थेंब फडक्याने पुसून निघतो, खडबडीत भिंतीवरून निघत नाही.

दुसरी गोष्ट हळद. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग गडद, आणि तो टाइल्समधल्या पांढऱ्या सिमेंटच्या दर्जांत शिरला की पिवळा राहत नाही, लाल होतो. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो, आणि हळद-चुना एकत्र आले की लाली धरते. नव्या घरात गृहिणी घाबरून टाइलवाल्याला फोन लावते. दोष टाइलचा नसतो, सांध्याचा असतो. म्हणून ओट्यामागे टाइल मोठी घ्यावी, सांधे कमी आणि बारीक ठेवावेत, आणि दर्जांत पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरावं. महाग पडतं, पण तिथेच पैसा घालावा.

खाली मात्र चमक नको. भिंतीची टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. भिंतीवर ते चालतं, जमिनीवर ती पायाखाली फुटते. जमिनीला व्हिट्रिफाइड घ्यावी, जी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. पण ती मॅट असावी. ओल्या हाताने तेलाची बुधली घेऊन चालणारी बाई गुळगुळीत फरशीवर घसरते, आणि साठीनंतरचं ते पडणं एखाद्या घराचं वर्ष घेऊन जातं. दुकानात टाइल उभी करून दाखवतात. ती आडवी ठेवायला सांगावी, तिच्यावर पाणी ओतावं आणि चप्पल काढून उभं राहून पाहावं.

दुकानात नावं आता टाइल जिथे घडली त्या गावाची नसतात. स्टाट्वारिओ, कॅरारा, ट्रॅव्हर्टिन: इटलीच्या दगडांची चित्रं, छापलेली. ज्या मोरबीत ती घडली, तिचं नाव फक्त खोक्याच्या पत्त्यात उरतं. शहाबादी नाव घेतलं की त्यात गाव होतं. या टाइलचं गाव कुणी विचारत नाही.

आमच्या घरच्या सयपाकघरातली शहाबादी काढली तेव्हा मिस्त्रीने पहारीने एकेक लादी अख्खी उचलली. चुन्यात बसवलेली होती, सहज सुटली. त्यांतल्या सहा अंगणात नळाखाली आहेत, धुणं त्यांच्यावर होतं. चार गच्चीवर नेल्या, उन्हाळ्यात त्यांच्यावर कुरडया वाळतात. दोन शेजारच्या काकूंनी पाट्याखाली ठेवायला मागून नेल्या.