किल्ली कोणाच्या नावावर?

मंडळी, आजचं व्याख्यान १७०७ सालच्या भोर-वेल्ह्यावर आहे, पण सुरुवात लॅपटॉपपासून करतो. घाबरू नका, किल्ल्यावर पोचतोच आहोत.

आपल्याकडची मुलं शिकायला पुण्याला जातात आणि परवडतो म्हणून जुना लॅपटॉप घेतात. कंपन्यांनी वापरून काढलेला माल असतो तो. घरी आणून विंडोज नव्यानं टाकलं, इंटरनेट जोडलं, की पडद्यावर कुठल्याशा कंपनीचं नाव येतं आणि तिच्या खात्यानं लॉगिन करा म्हणतं. ज्याचं खातं, तो माणूस नोकरी सोडून कधीच गेलेला. पुन्हा फॉरमॅट केलं तरी तेच. कारण यंत्राची ओळख कंपनीच्या नोंदीत, दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असते. तुम्ही घरात काय पुसलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. पैसे तुम्ही मोजलेत, वस्तू तुमच्या मांडीवर आहे, पण कुलूप ऐकतं ते नोंदीचं.

ताबा एकाकडे आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर, हे दुखणं आपल्या डोंगरांना जुनं आहे.

शिवाजी महाराजांनी किल्ल्याचा कारभार कसा लावला ते आधी बघू. राजगड, तोरणा, रोहिडा ही सगळी आपल्याच आसपासची नावं. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस अशी माणसं नेमत, आणि सभासद बखर सांगते की ती एकमेकांच्या तोडीची असत. धान्य-दारूगोळ्याच्या कोठारांकडे कारखानीस. एकट्यानं किल्ला कोणाच्या घशात घालता येऊ नये, हा त्यातला हिशेब. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही या लोकांच्या ठरावीक मुदतीनं बदल्या करा असं सांगितलंय. किल्ली माणसाला चिकटू द्यायची नाही! आजच्या कंपनीचा आयटीवाला यापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

अष्टप्रधानांतल्या सचिवाचं काम तर आणखी मजेशीर. राजपत्रातलं अक्षर न् अक्षर तपासायचं, कमीजास्त असेल ते दुरुस्त करायचं, आणि मगच संमतीची खूण करायची. म्हणजे खरेपणाची खात्री पटवणारा अधिकारी. शिवकाळात हा पगारी हुद्दा होता.

राजारामांच्या काळात हे बदललं. महाराज जिंजीला, इकडे मोगल, खजिना रिकामा. पगार कुठून देणार? मग ज्यानं मुलूख सोडवला त्याला तो वतन-सरंजामात मिळू लागला. शंकराजी नारायण सचिवांनी राजगडासह या पट्ट्यातले किल्ले परत मिळवले. कर्तबगार माणूस, यात वाद नाही. पण त्यामुळे झालं काय, की हुद्दा, मुलूख आणि किल्ल्यांवरचा हुकूम हे सगळं एकाच माणसाच्या नावावर येऊन बसलं. माझ्या मते पुढच्या दुःखाचं बी इथं पेरलं गेलं.

मध्ये १७०४ मध्ये औरंगजेब स्वतः इथं आला. राजगड घेतला, तोरणा घेतला, राजगडाला नबीशाहगड आणि तोरण्याला फुतूहुल्गैब अशी नावं दिली. बादशहाचं नाव लागलं म्हणून खातं बदललं नाही. थोड्याच वर्षांत किल्ले पुन्हा मराठ्यांकडे आले, आणि ती नावं आज परीक्षेपुरती उरलीत.

मग १७०७ उजाडलं. मार्चमध्ये औरंगजेब गेला, मेमध्ये शाहू मोगलांच्या छावणीतून सुटले. ताराबाईंनी त्यांना छत्रपती मानायला नकार दिला आणि आपल्या सरदारांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या. शंकराजींनीही शपथ दिली. ऑक्टोबरमध्ये खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे गेले आणि पारडं फिरलं. शाहूंनी सचिवांना बोलावणं पाठवलं.

आता विचार करा. समोर संभाजी महाराजांचा मुलगा, ज्याचा हक्क नाकारणं अवघड. मागे दिलेला शब्द. शिबंदी सचिवांच्या हुकमात, म्हणजे दार उघडणं त्यांच्या हाती, पण ते उघडलं तर शपथ मोडते आणि नाही उघडलं तर गादीशी वैर. शंकराजींनी आंबवड्याला स्वतःचा प्राण दिला. त्यांची समाधी तिथं आहे. नागेश्वराच्या देवळात जाणाऱ्यांनी तिथंही दोन मिनिटं थांबावं.

शाहूंनी पुढे जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तोफा आणून दरवाजे फोडले असते, तर प्रत्येक गडावर माणसं खर्ची पडली असती आणि शेवटी हाती आला असता पडका तट. त्यांनी शंकराजींच्या पत्नीचं सांत्वन केलं आणि लहानग्या नारो शंकर यांच्या नावे सचिवपद कायम केलं. नवी नोंद, नवा धनी, आणि जुन्या शपथेचा पेच संपला, कारण ती देणारा माणूस राहिला नव्हता. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. किंमत मात्र लागलीच: सचिवपद कायमचं एका घराण्याचं झालं, आणि भोर संस्थान १९४८ पर्यंत त्याच घराण्याकडे राहिलं.

लॅपटॉपवाल्या मुलांना यातून काय सांगायचं? यूट्यूबवर कुलूप फोडायच्या युक्त्या शोधत बसू नका. कधी चालतात, पुढच्या फॉरमॅटला कुलूप परत येतं, आणि माल चोरीचा निघाला तर आणखी वेगळं झेंगट. ज्या कंपनीनं नोंद केली तिच्याच आयटी विभागाला ती काढता येते. यंत्राचा सिरियल नंबर आणि खरेदीची पावती जोडून दुकानदारामार्फत कंपनीला लिहा. कंपनी बंद पडली असेल, तर तिची मालमत्ता विकायला नेमलेला अधिकारी कोण ते शोधा. कंपनीनं तुम्हालाच दिलेला लॅपटॉप असेल, तर नोकरी सोडतानाच आपल्या फायली काढून घ्या आणि यंत्र परत करा.

आणि अजून घेतला नसेल, तर पैसे देण्याआधी दुकानातच नव्यानं सेटअप करायला लावा, तेही इंटरनेट जोडून. पडद्यावर परक्या कंपनीचं नाव आलं, की नमस्कार करायचा आणि शेजारच्या दुकानात जायचं.