जुन्या नाण्यावरचा थर कसा काढायचा? लिंबू-चिंच लावण्याआधी हे वाचा

राजारामपुरीतल्या एखाद्या घरात दिवाळीची साफसफाई सुरू आहे असं समजा. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा पत्र्याचा डबा सापडतो. आत दहा-बारा जुनी नाणी. काही हिरवी, काही काळी, एक-दोन पांढरट भुकटीने माखलेली. अक्षरं लागत नाहीत. मग मोबाईलवर व्हिडिओ शोधला जातो आणि स्वयंपाकघरातून लिंबू, मीठ, चिंच बाहेर येते. पाच मिनिटांत नाणं लखलखतं. अक्षरं मात्र आधी होती त्याहूनही कमी दिसू लागतात!

असं का होतं?

तांब्याच्या भांड्यावर चढतो तो कळंक वरवरचा असतो. शेकडो वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचं तसं नसतं. त्याच्यावरचा हिरवा थर म्हणजे बहुधा मॅलॅकाइट, तांब्याचं कार्बोनेट. त्याच्याखाली तांबूस थर असतो, तो क्युप्राइट, म्हणजे तांब्याचं ऑक्साइड. नाणं पाडलं त्या दिवशीचा पृष्ठभाग पुष्कळदा याच थरांत शिल्लक राहिलेला असतो. खालचा धातू केव्हाच झिजलेला, खड्डे पडलेला. थोडक्यात, टाकसाळीत उमटलेलं अक्षर आता तांब्यात नसून कळंकात आहे. लिंबातलं सायट्रिक आम्ल किंवा चिंचेतलं टार्टारिक आम्ल हे दोन्ही थर विरघळवतं आणि अक्षर पाण्याबरोबर मोरीत जातं. भांडी घासायची पावडर हेच काम घासून करते.

मिठाचं नुकसान वेगळं आणि उशिरा कळणारं. मिठातलं क्लोराइड तांब्याशी संयोग पावून आत दडून बसतं. पुढे हवेतली दमट त्याला मिळाली की फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके फुटतात. पुसले तरी परत येतात आणि नाणं आतून पोखरत जातं. याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. नाव ब्राँझचं असलं तरी तांब्याच्या नाण्यालाही तो होतो. मिठाच्या पाण्यात चार्जरच्या वायरी सोडून नाणं साफ करण्याचे व्हिडिओ बरेच बघितले जातात. त्यात मीठही आलं आणि थर सोलून निघणंही आलं, त्यामुळे तो प्रयोग जुन्या नाण्यावर नकोच.

तांब्याच्या नाण्यासाठी: पाणी, काटा आणि सबुरी

घरोघरी सापडणारं तांब्याचं नाणं बहुतेक वेळा शिवराई असतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. ही नाणी पुढे दीर्घकाळ वेगवेगळ्या ठिकाणी पाडली गेली, त्यामुळे अक्षरांची वळणं बदलत गेली आणि अभ्यासक त्याच वळणांवरून नाण्याचा माग काढतात. एखादी वेलांटी गेली तर शिवराई शिवराईच राहते, पण ती कुठली आणि कधीची, हे सांगणारा पुरावा जातो.

आधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढावेत आणि वजन लिहून ठेवावं. मग नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवावं. नळाचं पाणी चालत नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. पाणी सुरुवातीला रोज बदलावं, नंतर आठवड्याने. यात कित्येक आठवडे जातात. माती सैल झाली की मऊ ब्रशने हलकेच झाडावी. उरलेल्या मातीसाठी बाभळीचा काटा किंवा बांबूची टोकदार काडी घ्यावी आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली काम करावं. सुई किंवा ब्लेड तांब्यावर कायमचा ओरखडा काढते. माती काढायची, हिरवा-तांबूस थर ठेवायचा. नाणं चकाकायला लागलं, तर थांबायला उशीर झाला आहे असं समजावं.

ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवण्याचा उपाय जुना आहे. तेलातली मेदाम्लं मात्र हळूहळू तांब्यावरही काम करतात, रंग गडद होतो आणि तेल चिरांतून निघता निघत नाही.

शिशाची गोष्ट उलटी

कोल्हापूरकरांनी इथे जास्त जपायला हवं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनकाळातल्या कुर राजांची नाणी याच परिसराची खासियत आहे. विळिवायकुर, सिवलकुर ही त्यांची नावं. एका बाजूला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसरीकडे कमानींची टेकडी. यातली बरीच नाणी शिशाची आहेत.

शिसं मऊ असतं, नखानेही ओरखडा पडतो. तांब्याला मानवणारं डिस्टिल्ड वॉटर शिशाला मात्र खातं. व्हिनेगर तर शत्रूच. शिसं आणि व्हिनेगरची वाफ एकत्र ठेवूनच पूर्वी रंगासाठी सफेदा तयार करत. नाण्यावरची पांढरी भुकटी ही त्याचीच भावंडं. ती विषारी असते, म्हणून हातमोजे आणि मास्क हवा, आणि मुलांच्या हाती नाणं देऊ नये. अशा नाण्यावर घरी काहीच करू नये. कोरडं ठेवावं आणि जाणकाराला दाखवावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. ब्राँझ डिसीज झालेलं नाणंही अशाच ठिकाणी न्यावं, कारण त्यावर वापरतात ती बेंझोट्रायाझोलसारखी रसायनं घरात हाताळण्यासारखी नाहीत.

चांदीच्या रुपयावरचा काळेपणा गंधकामुळे येतो. नाण्याला त्याने फारसा धोका नसतो, म्हणून तो राहू द्यावा.

नाणी माळ्यावर नव्हे, शेतात किंवा पाया खणताना सापडली असतील तर आधी कायदा येतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा गाडलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. अशा नाण्यावरची मातीही काढू नये. कोणत्या थरातून ती आली, हे तीच सांगते.

साफ झालेलं नाणं पुन्हा त्याच डब्यात जाऊ नये. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकटा येतो. प्लायवूडच्या कपाटातून आणि पुठ्ठ्यातून निघणारी वाफ शिशाला बाधते. पॉलिएस्टरची पाकिटं, घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली हवी. कोल्हापूरच्या पावसात पुड्या लवकर ओल धरतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्या वरचेवर बदलाव्या लागतात.