रोग जळाला, धुराचे काय?



अग्नीला आपण 'पावक' म्हणतो. पावक म्हणजे पवित्र करणारा. जे नको ते विस्तवात टाकावे, म्हणजे त्याचा दोष जातो, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला, तेव्हा रोग्यांची अंथरुणे आणि कपडे जाळण्यात आले. त्या काळी त्यात काही वावगे नव्हते. जळणारी वस्तू सुती असे, लोकरीची असे, फार तर गवताची असे. धूर व्हायचा, राख व्हायची आणि ती मातीत मिसळून जायची.

याच विचाराला विलायतेत यंत्राचे रूप आले. १८७४ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरात आल्फ्रेड फ्रायर यांच्या कल्पनेतून शहराचा कचरा जाळण्याची मोठी भट्टी उभी राहिली. तिला त्यांनी 'डिस्ट्रक्टर', म्हणजे नाश करणारी, असे नाव दिले. पुढे शहरांमागून इस्पितळांनीही आपापल्या भट्ट्या बांधल्या. रक्ताने भिजलेला कापूस, मलमपट्ट्या, शस्त्रक्रियेत कापून काढलेले अवयव हे सारे तिच्यात जाई. जंतू मरत, दुर्गंधी टळे. सगळे समाधानी होते.

मग बिघडले कुठे? बिघडले ते जळणाऱ्या वस्तूत. तुमच्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल, डॉक्टरांची सुई काचेच्या पिचकारीला लावलेली असे आणि कंपाउंडर ती स्टोव्हवर उकळून पुन्हा वापरत. १९५० च्या सुमारास अमेरिकेत कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी रक्तासाठी काचेच्या बाटलीऐवजी प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिच्या मागोमाग नळ्या, हातमोजे, एकदाच वापरून टाकायच्या पिचकाऱ्या आल्या. रोग्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. उकळण्यात हयगय झाली तर एकाचा रोग दुसऱ्याला लागे, तो धोका टळला. पण वापरलेले सगळे शेवटी जुन्याच भट्टीत पडू लागले.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एवढे मुलांना जरूर सांगावे. रक्ताच्या पिशवीचे प्लॅस्टिक पी.व्ही.सी. नावाचे असते आणि त्यात क्लोरीन असतो. ते जळले की तिखट आम्लाची वाफ निघते. शिवाय धूर थंड होताना, साधारण २०० ते ४५० अंश उष्णतेच्या दरम्यान, राखेच्या बारीक कणांवर 'डायॉक्सिन' नावाची विषे तयार होतात. ती कर्करोगाला कारण होतात. १९७७ साली ॲमस्टरडॅम शहरात ओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कचराभट्टीच्या राखेत ती सापडली. जे नाहीसे करायचे ते करता करता भट्टी नवेच काही जन्माला घालत होती! पाऱ्याचे थर्मामीटर भट्टीत गेले तर पाऱ्याची वाफ होऊन तीही धुराड्यावाटे बाहेर पडते. धातू काही जळून नाहीसा होत नाही.

तुम्ही म्हणाल, धूर वर जातो, वाऱ्यावर विरतो, आमचे काय बिघडले? तर ऐका. डायॉक्सिन पाण्यात विरघळत नाही, ते चरबीत साठते. धूर गवतावर बसतो, गवत गाय खाते आणि विष दुधाच्या स्निग्धांशात उतरते. १९८९ साली हॉलंडमध्ये रॉटरडॅमजवळ शहरी कचऱ्याच्या भट्टीच्या आसपासच्या गायींच्या दुधात ते इतके आढळले की, तिथल्या दुधाची विक्री थांबवावी लागली. भट्टी शहराच्या कचऱ्याची, तोटा मात्र गवळ्याचा.

यानंतर देशोदेशी जाग आली. अमेरिकेत १९९७ साली इस्पितळी भट्ट्यांसाठी कडक नियम झाले. तेव्हा तिथे अशा सुमारे २४०० भट्ट्या होत्या; २००९ पर्यंत ६० देखील उरल्या नाहीत.

आपल्याकडे मात्र गाडी उलट्या दिशेने सुरू झाली. इस्पितळांचा कचरा उघड्यावर पडे, कागदपत्री वेचणाऱ्या पोरांच्या हातात सुया टोचत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ५० खाटांच्या वरच्या इस्पितळांना भट्टी किंवा तितकाच परिणामकारक दुसरा उपाय करण्याचा आदेश दिला. हेतू चांगलाच होता. पण इस्पितळे असतात भरवस्तीत, आणि भट्टीचा धूर वस्तीवरच. १९९८ च्या नियमांनी क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जाळण्यास मनाई केली. २०१६ च्या नियमांनी डायॉक्सिनची मर्यादा घातली आणि ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल तर इस्पितळाने आवारात स्वतःची भट्टी चालवू नये असे ठरवले. तरीही प्रश्न मिटला असे नाही. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांनी तिथल्या अशाच सामायिक केंद्राविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि २०२३ साली उच्च न्यायालयाने ते दोन वर्षांत दुसरीकडे हलवण्यास सांगितले. केंद्र हलवले म्हणजे धूर थांबला असे होत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या दारी जातो, हेही विसरू नये.

मग उपाय? तोही जुनाच आहे. १८७९ साली फ्रान्समध्ये पाश्चरांचे सहकारी चेंबरलँड यांनी दाबाखालच्या वाफेने जंतू मारण्याचे यंत्र केले. आपल्या प्रेशर कुकरचा तो थोरला भाऊच म्हणा. नळ्या, पिचकाऱ्या, हातमोजे त्यात निर्जंतुक करून तुकडे केले की ते प्लॅस्टिक पुन्हा कारखान्याला देता येते. मात्र त्यासाठी कचरा मुळातच वेगळा हवा. म्हणूनच इस्पितळात पिवळ्या आणि लाल पिशव्या, सुयांसाठी पांढरा डबा, काचेसाठी निळा अशी वाटणी असते. पिवळ्यातले जाळण्याचे, लाल्यातले वाफवण्याचे. एका परिचारिकेने लाल पिशवीतली नळी पिवळीत टाकली, तर ती थेट भट्टीत गेलीच म्हणून समजा.

तेव्हा मंडळी, आपल्या आरोग्य केंद्रात गेलात तर या पिशव्यांकडे नजर टाका. मागच्या अंगणात कचरा पेटवलेला दिसला तर ग्रामसभेत विचारा. विचारण्यात कसला संकोच? घरी मधुमेहाचे इंजेक्शन घेणारे कुणी असेल, तर सुई चुलीत किंवा उकिरड्यावर न टाकता जाड डब्यात साठवा आणि केंद्रात विचारून द्या. आणि गुरुजी, शाळेच्या पटांगणात पाने-कागदांबरोबर प्लॅस्टिक पेटवण्याची सवय असेल, तर ती आजच मोडा. प्लॅस्टिक काही अग्नीने पवित्र होत नाही.