बॅनरवरचा 'कॅप्टन' खरंच सैन्यात होता का? लष्करी सेवेचे दावे कसे फुगतात आणि ते तपासायचे कसे?

नागपूरहून हिंगण्याकडे जाताना वर्दी दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. हिंगणा रोडवर राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ४ आहे, सीआरपीएफचं ग्रुप सेंटर आहे. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे. वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. सीताबर्डीच्या किल्ल्यात टेरिटोरियल आर्मीची ११८ वी बटालियन आहे, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर.

आपल्याकडे बोलताना यातला प्रत्येक जण 'मिलिट्रीवाला' असतो. बोलण्यापुरतं ते चालून जातं. पण तोच शब्द निवडणुकीच्या बॅनरवर, सत्काराच्या पत्रिकेवर किंवा इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये आला की प्रश्न पडायला हवा, की नेमकी कुठली सेवा, किती वर्षं आणि कुठल्या हुद्द्यावर?

अख्खी थाप नसते, थोडी सरकवासरकव असते

कधी सैन्याचं तोंडही न पाहिलेला माणूस मेजर म्हणून फिरतो. अशा बनावट अधिकाऱ्यांना अटक झाल्याच्या बातम्या येत असतात. पण सार्वजनिक जीवनातली माणसं सहसा इतकी मोठी जोखीम घेत नाहीत. मूळ गोष्ट खरी असते, ती जरा पुढे सरकवलेली असते. निमलष्करी दलातली सेवा 'सैन्यातली सेवा' होते. मानद हुद्दा नेहमीचा हुद्दा म्हणून छापला जातो. सेवा पदक 'शौर्यपदक' होतं. युद्धाच्या काळात नोकरीत असणं म्हणजे 'युद्ध लढणं' होतं. आणि बरेचदा हे काम तो माणूस स्वतः करतही नाही. बॅनर छापणारे कार्यकर्ते करतात, निवेदक करतो, आपण फॉरवर्ड करतो.

'कॅप्टन' किती प्रकारचे असतात?

सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाचा आहे. कॅप्टन अमरिंदर सिंग हे सैन्याच्या शीख रेजिमेंटमधले कॅप्टन. काँग्रेसचे माजी केंद्रीय मंत्री कॅप्टन सतीश शर्मा मात्र प्रवासी विमानांचे वैमानिक होते. दोघांच्याही नावापुढचा 'कॅप्टन' खरा, पण दोन वेगळ्या नोकऱ्यांमधला. मर्चंट नेव्हीच्या जहाजावरही कॅप्टन असतो आणि तोही नागरी व्यवसाय आहे.

आपल्या कॉलेजांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. एनसीसीचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना असोसिएट एनसीसी ऑफिसर म्हणून लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे हुद्दे मिळतात. ते प्रशिक्षण घेतात, वर्दी घालतात, त्यांचं काम महत्त्वाचंच आहे. पण तो एनसीसीचा हुद्दा आहे, सैन्यातली नोकरी नाही. सैनिकी शाळेत शिकणं म्हणजेही सैन्यात असणं नव्हे.

'मानद' शब्दाची गंमत वेगळीच आहे. सचिन तेंडुलकरला २०१० मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं. कपिल देव (२००८), मोहनलाल (२००९) आणि महेंद्रसिंह धोनी (२०११) यांना टेरिटोरियल आर्मीने मानद लेफ्टनंट कर्नल केलं. हा प्रसिद्ध व्यक्तींचा सन्मान असतो. यात धोनीने पुढे जाऊन २०१५ मध्ये आग्र्याला पॅराशूटच्या पाच उड्या पूर्ण केल्या आणि पॅरा विंग्ज मिळवले. म्हणजे हुद्दा मानद, पण छातीवरचे विंग्ज कमावलेले.

दुसरीकडे, गावात एखादे निवृत्त 'ऑनररी कॅप्टन' काका असतात. ते जवान म्हणून भरती झालेले, दोन-अडीच दशकांहून जास्त नोकरी करून सुभेदार किंवा सुभेदार मेजर झालेले असतात, आणि निवृत्तीच्या आसपास २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत त्यांना मानद हुद्दा मिळतो. सियाचेनचे परमवीर चक्र विजेते बाना सिंग हे असेच ऑनररी कॅप्टन. शब्द एकच, पण एका बाजूला सन्मान आहे आणि दुसऱ्या बाजूला आयुष्यभराची नोकरी.

टेरिटोरियल आर्मीतला सगळाच हुद्दा मानद नसतो, हेही लक्षात ठेवा. अनुराग ठाकूर आणि सचिन पायलट हे नेते निवड प्रक्रियेतून जाऊन तिथे अधिकारी झाले. आपला कामधंदा सांभाळून ठराविक काळ प्रशिक्षण आणि सेवा, असं तिथलं स्वरूप आहे.

अण्णा हजारे: एका सेवेच्या दोन कहाण्या

महाराष्ट्रातल्या कुठल्या सार्वजनिक व्यक्तीच्या लष्करी सेवेवर सगळ्यात जास्त वाद झाला असेल, तर तो राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या. २०११ च्या लोकपाल आंदोलनात एका बाजूला ते 'युद्ध गाजवलेले वीर' होते, तर दुसऱ्या बाजूला 'सैन्यातून पळून आलेले'. दोन्ही गोष्टी जोरात फिरत होत्या.

मग माहितीच्या अधिकारात लष्कराला विचारलं गेलं. उत्तर आलं ते असं: १६ एप्रिल १९६३ रोजी मुंबईत भरती. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये प्रशिक्षण. शेवटचा कायम हुद्दा शिपाई. कुठलीही शिक्षा नाही. १२ वर्षांची सेवा पूर्ण करून १९७५ मध्ये सन्मानपूर्वक निवृत्त. आणि पाच पदकं: सैन्य सेवा पदक, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं पदक, संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचं पदक आणि पश्चिमी स्टार.

'पळपुटा' हा आरोप तिथेच संपला.

पण या उत्तराने दुसरी बाजूही जमिनीवर आणली. ऑनलाइन चरित्रांमध्ये अण्णांच्या भरतीचं साल १९६० आणि सेवा १५ वर्षं असं अनेक ठिकाणी सापडतं. लष्कराचं उत्तर १९६३ आणि १२ वर्षं सांगतं. पाच पदकं म्हटलं की वाचणाऱ्याला पाच पराक्रम दिसतात, पण यातलं एकही शौर्यपदक नाही. संग्राम पदक आणि पश्चिमी स्टार ही १९७१ च्या युद्धकाळातल्या सेवेची पदकं आहेत. २५ व्या वर्धापनदिनाचं पदक त्या वेळी सेवेत असलेल्यांना मिळालं. दीर्घ सेवेचं पदक वर्षं भरल्यावर मिळतं.

यात अण्णांचं काहीच कमी होत नाही. सैन्यात ट्रक चालवणं हे सैनिकाचंच काम आहे. दाणागोटा, इंधन, दारूगोळा पोहोचला नाही तर पुढची तुकडी लढणार कशी? 'फक्त ड्रायव्हर होता' म्हणून हिणवणारेही चुकले आणि त्यांना एकहाती युद्ध जिंकून देणारेही चुकले. जे कागदावर आहे, तेवढं पुरेसं होतं.

मग शौर्यपदक कशाला म्हणायचं?

युद्धकाळासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र. इतर काळातल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र. याशिवाय सेना पदक शौर्यासाठीही मिळतं आणि विशिष्ट सेवेसाठीही, त्यामुळे तिथे 'कशासाठी' हे विचारावं लागतं. परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळालं आहे. त्यात कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे आहेत आणि मुंबईत जन्मलेले अर्देशीर तारापोरही आहेत. २१ नावं तपासायला दोन मिनिटं लागतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. अमेरिकेत तर यासाठी 'स्टोलन व्हॅलर', म्हणजे चोरलेलं शौर्य, असा शब्दच आहे. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचे सदस्य झेवियर अल्वारेझ यांनी बैठकीत सांगितलं की आपण २५ वर्षं मरीन होतो आणि आपल्याला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालंय. दोन्ही खोटं होतं. त्यांच्यावर २००५ च्या कायद्याखाली खटला झाला. पण २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. नुसतं खोटं बोलणं हेही अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं, असा त्याचा अर्थ. त्यावर २०१३ मध्ये नवा कायदा आला: खोट्या पदकाच्या जोरावर पैसा किंवा फायदा उकळला, तर गुन्हा.

२०२४ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांच्यावरही टीका झाली. ते नॅशनल गार्डमध्ये २४ वर्षं खरोखर होते. पण आपण 'युद्धात' शस्त्र वाहिल्याचं त्यांचं २०१८ चं वाक्य होतं आणि प्रत्यक्ष लढाईत ते कधी नव्हते. बोलण्यात चूक झाली, असा खुलासा प्रचार यंत्रणेला करावा लागला. इथेही तेच, सेवा खरी आणि एक शब्द जास्तीचा.

भारतातला कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या कलम १८ नुसार सरकार कुणालाही किताब देऊ शकत नाही, अपवाद फक्त लष्करी आणि शैक्षणिक सन्मानांचा. म्हणून लष्करी हुद्द्याला नावापुढे इतकं वजन आहे.

आपण सैनिक आहोत असं भासवण्याच्या हेतूने सैनिकाची वर्दी किंवा खूण वापरली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. यात 'हेतू' महत्त्वाचा आहे, त्यामुळे नाटकातला कलाकार यात अडकत नाही. सैन्याच्या २०२२ च्या नव्या लढाऊ गणवेशाचं डिझाइनही नोंदणीकृत आहे, ते परवानगीशिवाय शिवून विकता येत नाही. खोट्या ओळखीवर पैसे किंवा लाभ घेतला तर फसवणुकीची कलमं लागतात.

पण भाषणात नुसती बढाई मारली म्हणून शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. उमेदवाराच्या 'फॉर्म २६' प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, व्यवसाय हे सगळं विचारतात, लष्करी सेवेसाठी मात्र वेगळा रकाना नाही. प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना बजावलं होतं. तरी बॅनरवर स्वतःबद्दल काय छापायचं, ही गाळणी मतदारालाच लावावी लागते.

यात नुकसान कुणाचं?

'माजी सैनिक' हा नुसता मानाचा शब्द नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरभरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. २०२० पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घराच्या मालमत्ता करात माफीची योजना आहे. खोटा माणूस या रांगेत घुसला की खऱ्या जवानाची जागा जाते.

याची दुसरी बाजू हिंगण्यातल्या अनेक घरांना चांगली ठाऊक असेल. सीआरपीएफ गृह मंत्रालयाखाली येतं, संरक्षण मंत्रालयाखाली नाही. छत्तीसगडच्या जंगलात किंवा काश्मीरमध्ये जीव धोक्यात घालूनही सीआरपीएफचा निवृत्त जवान सरकारी व्याख्येत 'माजी सैनिक' ठरत नाही. २०१२ पासून त्यांच्यासाठी 'माजी सीएपीएफ कर्मचारी' अशी वेगळी ओळख आहे. ही तफावत योग्य की अयोग्य, यावर वाद जरूर व्हावा. पण नेतेमंडळी सगळ्या वर्द्या एकाच शब्दात गुंडाळतात, तेव्हा या जवानांचा प्रश्नच दिसेनासा होतो.

दावा दिसला तर तपासायचं कसं?

एक, चार गोष्टी विचारा: कुठलं दल, कुठली रेजिमेंट किंवा कोअर, कुठल्या साली भरती आणि निवृत्ती, शेवटचा हुद्दा. खरा फौजी हे झोपेतही सांगतो.

दोन, शौर्यपदक असेल तर संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या वेबसाइटवर नाव शोधा.

तीन, अधिकारी असेल तर नेमणूक आणि बढती भारताच्या राजपत्रात, भाग १ विभाग ४ मध्ये छापून येते.

चार, जवान असेल तर डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि माजी सैनिक ओळखपत्र असतं. मात्र कुणाच्या घरी जाऊन कागद मागायचा अधिकार आपल्याला नाही. सवलत लाटल्याचा संशय असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी तक्रार करा.

पाच, सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. वैयक्तिक माहिती म्हणून नकार येऊ शकतो. पण अण्णांच्या बाबतीत उत्तर आलं होतं.

आणि उत्तर हातात येईपर्यंत 'बनावट फौजी' अशी पोस्टही टाकू नका. १२ वर्षं नोकरी करून सन्मानाने परत आलेल्या माणसाला पळपुटा ठरवणारे मेसेजही असेच, न तपासता, फॉरवर्ड झाले होते.