मेस्त्रीचं घराणं

गणपती विसर्जनाच्या दिवशी पांढुर्ण्याच्या रस्त्यावर एक मालवाहू गाडी मुंगीच्या पावलानं सरकत असते. मागे जनरेटर घरघरतो, वर कर्णे आणि पेट्या एकावर एक रचलेल्या. त्यांच्या मधे अंग चोरून बसलेली चार-पाच पोरं. एक की-बोर्डवर, एक ऑक्टोपॅडवर, एकाच्या मांडीवर विजेची वायर जोडलेला बेंजो, बाकीचे ढोल-ताशावर. नागपूरकडे याला धुमाल म्हणतात, आणि नागपूरपासून पार छत्तीसगडापर्यंत त्याचंच राज्य आहे. गाणं कुठल्याशा सिनेमातलं असतं, पण सिनेमावाल्यानं ऐकलं तर ओळखणार नाही. मुखडा तेवढा ठेवलेला, लय वाढवलेली, खाली ठोका भलताच, अंतऱ्याचे तुकडे करून भलतीकडे चिकटवलेले. हे कुठं शिकला, असं की-बोर्डवाल्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘कुठी नाई, पाहून पाहून.’

हाच पोरगा आज बारावी झाल्यावर म्युझिक प्रॉडक्शन शिकायला विद्यापीठात जाऊ शकतो. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं. ‘कॉलेज करून रायला का गानं करून रायला?’ असा प्रश्न येतो, आणि तो अडाणी प्रश्न नाही. गाणं आणि कॉलेज एका ओळीत यायला आपल्याकडे बराच काळ लागला. गाणं मुद्रित करण्याची कला आणि कॉलेज एका ओळीत यायला त्याहून अधिक.

आधी शब्दाचंच बघा. ‘प्रॉडक्शन’ला मराठीत नेमका शब्द नाही. ‘संगीतनिर्मिती’ म्हटलं की पैसे घालणारा निर्माता डोळ्यांसमोर येतो. ‘ध्वनिमुद्रण’ हा सुंदर शब्द आहे, छापखान्याच्या घरातला. पण तो मायक्रोफोनपाशी सुरू होऊन तिथंच संपतो. ‘संगीत संयोजन’ जवळचा, पण त्यात वाद्यं कुठली आणि कधी वाजावीत एवढंच येतं. पोरांनी ही अडचण केव्हाच सोडवली आहे. ते म्हणतात, ‘ट्रॅक काढला.’ चित्र काढतात, तूप काढतात, तसा ट्रॅक काढतात. मला हा शब्द वरच्या तिन्हींपेक्षा बरा वाटतो.

भारतात संगीत वर्गात आलं ते ध्वनिमुद्रणाच्या जरासं आधी. बडोद्यात मौलाबक्ष यांची गायनशाळा 1886 साली निघाली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1902 मध्ये, फ्रेड गेझबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात यंत्र मांडून बसला आणि गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरला. म्हणजे दोघांत जेमतेम दीड वर्षाचं अंतर. एकीकडे फळा, स्वरलिपी, परीक्षा; दुसरीकडे कर्ण्यात तोंड घालून तीन मिनिटांत ख्याल आटोपणं. ही दोन भावंडं एका घरात वाढायला हवी होती. वाढली नाहीत. संगीतशास्त्री भातखंड्यांच्या प्रेरणेनं 1918 साली ग्वाल्हेरला आणि 1926 साली लखनौला महाविद्यालयं निघाली. तिथं राग, थाट, बंदिशी, त्यांची स्वरलिपी हे सगळं शिस्तीत लागलं, पण कर्णा, मेण, तबकडी यांतलं काही अभ्यासक्रमात शिरलं नाही. मुद्रण हे कंपनीचं काम, म्हणजे कारागिराचं.

गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची. त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कोणती तबकडी कोणाची हे कळावं म्हणून ही सोय. पण एकदा तबकडीवर नाव उमटलं की ती गाणाऱ्याची सही होते. आज पांढुर्णा-सौंसरच्या कुठल्याही रिमिक्समध्ये दर मिनिटाला एक घोगरा आवाज मधे घुसतो आणि ‘डीजे अमुक’, पुढे गावाचं नाव, असं ओरडतो. ऐकणारे वैतागतात. मला मात्र तिथं सव्वाशे वर्षांपूर्वीची बाई ऐकू येते.

आता एका तारखेपाशी थांबायला हवं. 14 ऑक्टोबर 1956.

त्या दिवशी खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचं उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. राजा बीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपला राजवाडाच त्यासाठी देऊन टाकला होता. फक्त संगीत आणि कलांसाठीचं विद्यापीठ ही तेव्हा नवलाई होती. सुरुवातीच्या कुलगुरूंमध्ये भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर होते, मुंबईचा मराठी माणूस. आणि त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. खैरागड आणि नागपूर तेव्हा एकाच राज्यात होते. मध्य प्रदेशची राजधानीच नागपूर होती. सौंसर, पांढुर्णा हेही त्याच राज्यातले, छिंदवाडा जिल्ह्याचा मराठी भाग. अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, राजधानी भोपाळला. घरात मराठी बोलणारा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा जागच्या जागी राहिला आणि सरहद्द त्याच्या खालून गेली.

एकाच दिवशी जन्मलेल्या या दोन गोष्टींतून संगीताच्या दोन वाटा फुटल्या. खैरागडची वाट पदवीची: गायन, वादन, नृत्य, लोकसंगीत, चित्र-शिल्प. दीक्षाभूमीची वाट बाजाराची, आणि हा शब्द मी मानानं वापरतो आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांबरोबर गाणी विकली जातात. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांची गाणी आधी तोंडी गेली, मग छापील पुस्तिकांतून, आणि 1980च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यावर कॅसेटमधून. मोठ्या कंपनीची मक्तेदारी त्या प्लॅस्टिकच्या डबीनं मोडली. गावातला गायक, भाड्याचा स्टुडिओ, शे-दोनशे प्रती, एवढ्यावर धंदा उभा राहू लागला. भीमगीतं, खंजिरीवरची तुकडोजी महाराजांची भजनं, लग्नातली गाणी, सगळी याच वाटेनं घराघरांत पोचली. विदर्भात आणि सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे रेकॉर्डिंग ही काय चीज आहे हे माणसांना कळलं ते इथं, वर्गात नव्हे.

पण बाजाराच्याही मागे एक घराणं आहे, आणि ते विशारदांचं नाही. ते मेस्त्रींचं आहे.

बाबूराव पेंटर यांचं आडनाव मेस्त्री. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर सिनेमाचा कॅमेरा घरीच करायच्या खटपटीला लागला आणि पुढे तो करून दाखवला. त्याच्या हाताखाली विष्णुपंत दामले तयार झाले. 1929 साली प्रभात फिल्म कंपनी निघाली, 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ बोलला. त्याचा आवाज धरण्याचं काम दामल्यांकडे. त्यांना ध्वनिमुद्रण शिकवणारी शाळा देशात नव्हतीच. यंत्र उघडायचं, बिघडवायचं, जोडायचं, एवढाच अभ्यासक्रम. हेच दामले पुढे फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक झाले. आवाजाचा मेस्त्री दिग्दर्शक होतो हे आज नवल वाटतं, प्रभातमध्ये ते सहज घडलं.

त्याच प्रभातमध्ये आमच्याकडचा एक माणूस होता. अमरावतीत जन्मलेले केशवराव भोळे मुंबईला आले ते वैद्यक शिकायला, आणि अडकले गाण्यात. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ यांचं संगीत त्यांचं. ‘कुंकू’ 1937चा. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पडद्यावरच्या घरात जे वाजेल तेवढंच ऐकू यावं असा हट्ट. पेटी-तबल्याच्या भरीत बुडालेल्या त्या काळात शांतता हेसुद्धा वाद्य मानणं ही प्रॉडक्शनचीच बुद्धी होती. आता विद्यापीठात यावर स्वतंत्र तासिका असतात.

व्ही. शांतारामांनी प्रभात सोडून 1942 साली परळला राजकमल काढलं. तिथल्या मिक्सिंगच्या खोलीत मंगेश देसाई बसायचे. ‘शोले’तले आवाज एकमेकांवर बसवले ते त्यांनी. पदवीचा कागद नसताना देशातले मोठमोठे दिग्दर्शक त्यांच्या दाराशी थांबायचे. दुसरीकडे, गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेले संयोजक मुंबईच्या स्टुडिओंत बसत. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, हे लोक ती चाळीस वादकांत वाटून द्यायचे. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं मोठं नाव. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. पुढे गोन्साल्विस स्वतः अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. लोकांना त्यांचं नाव माहीत आहे ते ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, आणि तेही खरा माणूस आहे हे न कळता. मराठीत अनिल मोहिल्यांनी तेच काम आयुष्यभर केलं. श्रेयनामावलीत अशा मंडळींचं नाव बारीक अक्षरांत येई, आलंच तर.

या मेस्त्रीगिरीला शाळेचं छप्पर मिळालं ते प्रभातच्याच जागेवर. प्रभात 1953 साली बंद पडली. 1960 साली पुण्यात त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि ध्वनिमुद्रण हा रीतसर शिकायचा विषय झाला. मिळायची ती पदविका, पदवी नव्हे. तिथून शिकून गेलेल्या रसूल पूकुट्टी यांना 2009 साली ऑस्कर मिळालं तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदा कळलं की असंही काही शिकता येतं.

जगातही हे फार आधी घडलं असं नाही. संगीतकार शोनबर्ग यांनी 1946 साली शिकागो विद्यापीठाच्या प्रमुखांना पत्र लिहून सुचवलं होतं की ध्वनिमुद्रण करणाऱ्याला संगीतही यावं आणि यंत्रही, आणि हे शिकवायला हवं. जर्मनीत डेटमोल्डला 1949 साली तसा अभ्यासक्रम निघाला, इंग्लंडात सरे विद्यापीठात 1970 साली. बाकी देश सावकाश आले. आपल्याकडे ए. आर. रहमाननी चेन्नईत 2008 साली संगीतशाळा काढली आणि परदेशी विद्यापीठाशी जोडून घेतली. त्यानंतर खासगी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ‘म्युझिक प्रॉडक्शन’ हे शब्द सर्रास दिसू लागले. शुल्काचा आकडा त्याच पानावर जरा खाली असतो. संत्र्याचा बहर त्या वर्षी गळला की बागायतदार बाप तो आकडा पुन्हा वाचत नाही.

एवढ्यात संगणकानं सगळ्यांनाच वळसा घातला. 1983 साली मिडी आलं आणि एका कंपनीचा की-बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू लागला. 1997 साली बेल्जियममधून फ्रूटीलूप्स निघालं, आताचं एफएल स्टुडिओ. चौकटीच्या वहीसारखा पडदा. चौकट भरली की ठोका पडतो. ज्या पोराला ना स्वरलिपी येते ना विद्युतशास्त्र, त्याच्या हातात गोन्साल्विस आणि मंगेश देसाई दोघांचं काम एकदम पडलं. सौंसरच्या एखाद्या मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीला गोधडी, टेबलावर जुना संगणक: हा आज स्टुडिओ आहे. अंड्यांचे ट्रे आवाज अडवत नाहीत, फार तर वरच्या पट्टीतला प्रतिध्वनी जरासा मोडतात. दाराबाहेरचा ट्रॅक्टर गाण्यात यायचा तो येतोच. नेमकं हे विद्यापीठ शिकवतं, आणि म्हणून विद्यापीठाला मी मोडीत काढत नाही. खोलीचा आवाज, कमी कंपनांचा ठोका पेटीतून निघून कोपऱ्यात का साचतो, दोन माइक चुकीच्या अंतरावर ठेवले तर आवाज पोकळ का होतो, ही भौतिकी आहे. ती पाहून पाहून येत नाही. आली तरी दहा वर्षांनी येते.

उलट बाजूनंही बोलायला हवं. मांडव-कर्णे भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रात आहुजाचा अँप उघडून बसणारा माणूस उघड्या मैदानात, वारा उलटा असताना, पाच हजार माणसांपर्यंत शब्द स्पष्ट कसा न्यायचा हे जाणतो. त्यासाठी गुण मिळण्याची सोय अजून कुठल्याही प्रवेश-अर्जात नाही. प्रवेश-अर्जात आधीचं प्रशिक्षण विचारतात. तिथं प्रवेशिका, मध्यमा, विशारद लिहिता येतं. धुमाल लिहिता येत नाही.

पांढुर्ण्याच्या पोराला आणखी एक अडचण आहे ती 1 नोव्हेंबर 1956ची. नागपूर त्याच्यासाठी बाजार आहे, दवाखाना आहे, आकाशवाणी आहे, मामाचं गाव आहे. फक्त प्रवेशाच्या वेळी ते परराज्य होतं. त्याचा मूल निवासी दाखला भोपाळच्या राज्याचा. तिकडचं संगीताचं शासकीय विद्यापीठ ग्वाल्हेरला, 2008 साली निघालेलं, आणि त्याची ओढ राजा मानसिंह तोमरांच्या नावाला शोभेल अशी ध्रुपद-ख्यालाकडे. खैरागड 2000 सालापासून छत्तीसगडात. 2023च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा तेवढी देशभराची. पण तिथं जायला आधी पदवी लागते, मग ती इतिहासाची असली तरी चालते. म्हणून काही जण छिंदवाड्याच्या विद्यापीठाशी जोडलेल्या गावच्याच कॉलेजात बीए करतात आणि रात्री ट्रॅक काढतात.

तो ट्रॅक पेन ड्राइव्हवर निघतो. पांढुर्ण्याहून सौंसरला, सौंसरहून सरहद्द ओलांडून सावनेरला. सावनेरचा पोरगा त्याचा ठोका जरा वाढवतो, मधली चार मात्रांची जागा रिकामी करतो आणि आपलं नाव घालतो. आधीचं नाव पुसायला तो कधी विसरतो, कधी मुद्दाम ठेवतो. मग मिरवणुकीत दोन घोगरे आवाज पाठोपाठ येतात, आधी पांढुर्णा, मग सावनेर.