धर्मादाय खात्यातली भरपाई

आमच्या आजोबांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. दुकान कधीच बंद झाले. काही कीर्दी मात्र माळ्यावर राहिल्या. त्या चाळताना 1964 सालची एक नोंद सापडली : गाडीवरून रवे उतरवताना पडून मेलेल्या हमालाच्या बायकोस रुपये एकशे एक. खाते, धर्मादाय. या एका शब्दापाशी मी अडखळलो.

कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 सालचा. अंमल 1 जुलै 1924 पासून. कामामुळे आणि काम करताना अपघात झाला, तर चूक कोणाची याचा कीस न काढता मालकाने भरपाई द्यायची, हे त्याचे मुख्य तत्त्व. मृत्यू झाल्यास ती रक्कम परस्पर वारसांच्या हाती न देता आयुक्तांकडे भरायची. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणजे 1964 साली हा कायदा इथेही होताच. मग भरपाईचे दान कसे झाले?

उत्तर बाजाराच्या रीतीत आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या या पेठेत हमाल एका दुकानाचा नसे. सकाळी एका अडत्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे. मजुरी नगावर, वाटणी टोळीत. अपघात झाला की प्रत्येक दुकानदार म्हणे, ‘तो आमच्याकडचा नव्हे.’ आणि त्यात अगदीच खोटे नव्हते.

विम्याचीही हीच अडचण. कायद्याने जबाबदारी मालकावर टाकली, पण विमा उतरवण्याची सक्ती केली नाही. विमा कंपनी हप्ता ठरवते तो कामाचा धोका आणि वर्षभराच्या पगाराचा आकडा पाहून. अडत्याच्या वहीत ‘हमाली’ असे. हमालाचे नाव नसे, पगारही नसे. ज्याची पगारपत्रकच नाही, त्या मालकाला इच्छा असूनही विमा मिळणे कठीण.

हा पेच जगभरचा. न्यूयॉर्कमध्ये 1911 साली ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत 146 जीव गेले. पुढे 1914 मध्ये त्या राज्याने स्वतःचाच विमा निधी काढला. खासगी कंपन्यांनी दार लावलेल्या मालकांना तिथे आसरा मिळाला. आपल्याकडे 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने वेगळी वाट धरली : धोका कमी असो वा जास्त, वर्गणी पगाराच्या ठरावीक टक्क्याने. 2019 पासून ती मालकाची 3.25 आणि कामगाराची 0.75 टक्के आहे. त्यामुळे भट्टीवाल्या फाउंड्रीला धोक्याचे काम म्हणून कोणी परत पाठवत नाही. पण त्यासाठी आस्थापना हवी, हजेरीपट हवा. हमालाकडे दोन्ही नव्हते.

तोड निघाली 1969 मध्ये. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या हमालांसाठी महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालक, कामगार आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे नेमली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती हमालाला वाटायची. या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद फारशी चर्चेत येत नाही : मजुरी मंडळ देत असेल, तर नुकसानभरपाईच्या कायद्यापुरते मंडळच मालक. ‘मालक कोण?’ हा प्रश्न अपघातानंतर नव्हे, आधीच सुटला. बारा दुकानांत विखुरलेली जबाबदारी एका ठिकाणी आली.

ही व्यवस्था नोंदणी झालेल्यांपुरतीच, हे विसरून चालणार नाही. वहीबाहेरच्या हमालाला आणि मुकादमामार्फत येणाऱ्या ऊसतोड टोळीला ‘आमच्याकडचा नव्हे’ हे अजून ऐकावे लागते.

आजोबा कंजूष नव्हते. कोणी न मागता त्यांनी पैसे दिले, हे खरे. पण त्या नोंदीत हमालाचे नाव नाही, बायकोचेही नाही. धर्मादायाला नावाची गरज पडत नाही. भरपाईच्या अर्जात मात्र पहिला रकाना नावाचाच असतो.