पडद्यावरचे फादर फिट्झगिबन

चित्रपटांतील धर्मगुरू बहुधा दोन प्रकारचे असतात. एक आशीर्वादापुरते येणारे आणि दुसरे हसू आणण्यासाठी आणलेले. १९४४ सालच्या ‘गोइंग माय वे’ या अमेरिकन चित्रपटातील वृद्ध फादर फिट्झगिबन यांपैकी कोणत्याच साच्यात बसत नाहीत. न्यूयॉर्कमधील एका कर्जबाजारी धर्मग्रामाचे हे प्रमुख धर्मगुरू हेकेखोर आहेत, चिडखोर आहेत आणि तरीही निर्मळ आहेत. गंमत अशी की, ही भूमिका करणारे बॅरी फिट्झगेराल्ड कॅथलिक नव्हतेच. १८८८ साली डब्लिनमधील एका प्रोटेस्टंट कुटुंबात त्यांचा जन्म झाला.

त्यांचे मूळ नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. दिवसा सरकारी कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी ॲबी थिएटरमध्ये छोट्या भूमिका, असा त्यांचा क्रम होता. वरिष्ठांचा रोष नको म्हणून घेतलेले रंगभूमीवरचे नाव पुढे कायमचे चिकटले. १९२४ साली शॉन ओ’केसी यांच्या ‘जूनो अँड द पेकॉक’मधील बढाईखोर कॅप्टन बॉइलने त्यांना कीर्ती दिली. तरी नोकरी सोडण्यास १९२९ साल उजाडावे लागले, म्हणजे चाळिशी उलटल्यावर! १९३६ मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या चित्रपटासाठी ते हॉलिवूडला गेले. बुटकी अंगकाठी आणि आयरिश हेल यांमुळे त्यांच्या वाट्याला दुय्यम भूमिकाच आल्या.

फादर फिट्झगिबन साकारताना ते जेमतेम पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे होते. माझ्याच वयाचे म्हणा ना! चित्रपटातील एक प्रसंग मला कधी विसरता येत नाही. तरुण सहायक फादर ओमॅली यांची बदली करावी, अशी तक्रार घेऊन हे वृद्ध गृहस्थ बिशपांकडे जातात आणि तेथे त्यांना उमगते की, आपली जागा घेण्यासाठीच त्या तरुणाला पाठविले आहे! ओमॅलींनी हे आजवर त्यांच्यापासून लपविले होते, तेही त्यांचा मान राखण्यासाठी. ज्याने बदलीचे पत्र कधी हातात घेतले आहे, त्याला ही व्यथा समजावून सांगावी लागत नाही. परपंथीय नटाला ती कशी गवसली? मला वाटते, वरिष्ठांच्या मर्जीत काढलेल्या कचेरीतील वर्षांनी त्यांना ती शिकविली असावी.

या एकाच भूमिकेसाठी त्यांना प्रमुख आणि साहाय्यक अशा दोन्ही विभागांत ऑस्कर नामांकन मिळाले. पुढे नियमच बदलल्याने असे पुन्हा घडले नाही. साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना लाभला. प्रमुख अभिनेत्याचा ओमॅली झालेल्या बिंग क्रॉस्बी यांना. युद्धकाळामुळे ती बाहुली प्लॅस्टरची होती आणि घरात गोल्फचा सराव करताना त्यांनी तिचे डोके उडविले!

१९५२ च्या ‘द क्वाएट मॅन’मध्ये ते लग्न जुळविणारे मध्यस्थ झाले. त्यातील प्रोटेस्टंट पाळक होते त्यांचे सख्खे बंधू आर्थर शील्ड्स. बॅरी अखेरीस डब्लिनला परतले आणि १९६१ च्या जानेवारीत तेथेच निवर्तले.